कंट्रोल पॉइंट कमी असताना आर्क्टिकचा नकाशा कसा बनतो?

प्रश्न असा आहे की उत्तर कॅनडासारख्या भागात रस्ते जवळपास नाहीत, माणसं तुरळक, मग सॅटेलाइट फोटो नेमका जमिनीवर बसवतात कसा. कंट्रोल पॉइंट म्हणजे जमिनीवर जागा अचूक मोजलेली आणि फोटोतही ओळखू येणारी खूण. तर प्रत्येक फोटोला असे वेगळे पॉइंट लागतच नाहीत. शेजारशेजारचे फोटो एकमेकांवर थोडे चढतात, त्या भागातल्या सारख्या खुणा जोडून अख्खा गठ्ठा एकत्र ॲडजस्ट करतात, मग जीपीएसने मोजलेले मोजके पॉइंट कडेला आणि मध्ये असले तरी काम भागतं. पॉइंट निवडणं मात्र खरंच कौशल्याचं आहे, तळ्याचा काठ घेतला तर पाणी कमीजास्त झालं की तो सरकतो, बर्फ असेल तर दिसतच नाही, म्हणून उघड्या खडकाचं टोक किंवा धावपट्टीचा कोपरा बरा. उंचीसाठी आता नासाच्या आइससॅट या सॅटेलाइटच्या लेसरची मोजमापं वापरतात, आर्क्टिकडेम या आर्क्टिकच्या उंचीच्या डिजिटल नकाशात तसंच केलंय.

मला सगळ्यात भारी वाटतं ते कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लॅब्राडॉरजवळचं लँडसॅट बेट. लँडसॅट 1 या सॅटेलाइटच्या 1973 च्या फोटोंवरून कॅनडाच्या सर्वेक्षण खात्यातल्या बेटी फ्लेमिंग यांनी ते शोधलं, बेट जेमतेम 25 बाय 45 मीटर आणि फोटोचा एक पिक्सेल साधारण 80 मीटरचा! इन्फ्रारेडमध्ये पाणी काळंकुट्ट दिसतं म्हणून एवढासा खडकही उठून दिसतो. 1976 मध्ये खात्री करायला कॅनडाच्या जलसर्वेक्षण खात्यातल्या फ्रँक हॉल यांना हेलिकॉप्टरमधून खाली सोडलं तर तिथे ध्रुवीय अस्वल, त्याने पंजाच मारला त्यांच्या दिशेने. फोटो कितीही चांगला असला तरी शेवटी कुणीतरी तिथे उतरावं लागतं ते असं.