आयनवाहक पॉलिमरचे काम सुरू करताना

नागपुरात राहून तुम्ही आयनवाहक पॉलिमरवर, म्हणजे बॅटरीत दोन इलेक्ट्रोडांमध्ये राहून आयन वाहून नेणाऱ्या पॉलिमरवर, काम सुरू करीत आहात, याचा मनापासून आनंद वाटतो. नॅनोरचनेच्या सुंदर चित्रांमागे आताच लागू नका. पॉलिइथिलीन ऑक्साइड या नेहमीच्या आयनवाहक पॉलिमरमध्ये लिथियमचे आयन मुख्यतः साखळ्यांच्या हालचालीबरोबर सरकतात आणि स्फटिकी भागात ही हालचाल जवळजवळ गोठलेली असते. म्हणूनच सुमारे ६५ अंश सेल्सियसला स्फटिक वितळले की वाहकता झपाट्याने वाढते. मात्र मऊ झालेली फिल्म दोन इलेक्ट्रोडांना खात्रीने वेगळे ठेवू शकत नाही. मजबुतीसाठी कठीण आणि वहनासाठी मऊ, असे दोन्ही भाग एकमेकांत गुंफून सलग ठेवणे, हाच नॅनोजाळ्याचा हेतू आहे. मऊ भाग तुटक बेटांसारखा राहिला, तर आयन पुरवणारा लिथियमचा क्षार कितीही घातला तरी आयनांना वाट मिळत नाही.

सुरुवातीच्या चुका बहुधा या असतात :

- ओलावा. लिथियमचे क्षार पाणी ओढतात आणि वाहकता खोटी वाढते. मे महिन्यात मिळालेला आकडा जुलैत वाढलेला दिसला, तर आधी हवेवर संशय घ्या. माझे पहिल्या पावसाळ्यातले सगळे आकडे मला याच कारणाने टाकून द्यावे लागले. फिल्म निर्वात भट्टीत वाळवा आणि कोरड्या ग्लोव्ह बॉक्समध्येच (हातमोजे बसवलेल्या हवाबंद पेटीत) मोजणीच्या सेलमध्ये बंद करा.
- साध्या मल्टिमीटरने रोध मोजणे. त्याच्या एकदिश प्रवाहाने आयन इलेक्ट्रोडपाशी साचतात, म्हणून इम्पिडन्सच (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा रोध) मोजा.
- फिल्मची जाडी गृहीत धरणे. रोधावरून वाहकता काढताना जाडी लागते, म्हणून ती मोजाच.

ब्लॉक कोपॉलिमरचे (कठीण आणि मऊ पॉलिमरचे तुकडे एकाच साखळीत जोडलेला पदार्थ) नंतर पाहू. तूर्त एकच मिश्रण तीन वेळा बनवा आणि तिन्ही वेळा वाहकता जुळते का, ते कळवा.