'ओ मिओ बाब्बीनो कारो' आवडलं असेल तर तो अख्खा तास बघाच

प्रश्न थोडक्यात असा आहे की 'ओ मिओ बाब्बीनो कारो' हे गाणं कुठल्याशा रीलमध्ये ऐकलं, ऐकताना डोळ्यात पाणी आलं, तर हे कुठल्या शोकांतिकेतलं आहे, आणि ज्याने आयुष्यात एकही ऑपेरा पाहिला नाही त्याला तो पूर्ण झेपेल का. मी वीसेक वर्षं ऑपेरा ऐकतेय आणि हा माझा फार जवळचा आहे, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

पहिली गोष्ट, शोकांतिका नाहीये ती. कॉमेडी आहे, आणि तीही एका मेलेल्या माणसाच्या पलंगाभोवती चालणारी. नाव 'जान्नी स्कीक्की', संगीत पुच्चिनी या इटालियन संगीतकाराचं, शब्द जोवाक्कीनो फोर्त्सानोचे. एकच अंक, मध्यंतर नाही, जेमतेम ५०-५५ मिनिटं. आपल्याकडची एखादी एकांकिका बघायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. त्यामुळे झेपेल का हा प्रश्नच नाही, उलट पहिला ऑपेरा म्हणून मी सगळ्यांना हाच सांगते.

आता गोष्ट. साल १२९९, गाव फ्लॉरेन्स. बुओझो दोनाती नावाचा श्रीमंत म्हातारा नुकताच गेलाय आणि सगळे नातेवाईक पलंगाजवळ गुडघे टेकून हुंदके देतायत. ऑर्केस्ट्राचे ते हुंदके नीट ऐका, एकाच लयीत, मोजून मापून येतात, रडणं मनापासूनचं नाही हे संगीतच सांगून टाकतं. मग कानात कुजबुज सुरू होते की सिन्या गावात लोक बोलतायत, म्हाताऱ्याने सगळं मठातल्या साधूंना देऊन टाकलंय म्हणून. झालं, रडणं जागच्या जागी थांबतं आणि मृत्युपत्राची शोधाशोध सुरू होते, कपाटं, पेट्या, पलंगाखाली, सगळीकडे. माझ्या माहेरी आजोबा गेले तेव्हा दहावा व्हायच्या आत कपाटाच्या किल्ल्यांवरून कुजबुज सुरू झाली होती, मी तेव्हा बारा वर्षांची, आणि हा प्रसंग पहिल्यांदा पाहताना ते घर, तो वास, मोठ्यांचे ते चेहरे सगळं जसंच्या तसं समोर आलं.

मृत्युपत्र सापडतं ते रिनुच्चोला, चोवीस वर्षांचा पोरगा, आणि तो ते हातात देण्याआधी आत्याबाईंकडून कबूल करून घेतो की वाटणी चांगली झाली तर मला लाउरेत्ताशी लग्न करू द्यायचं. आत्या म्हणजे झिता, साठीची, खमकी. पैसे मिळाले तर कोणाशीही कर म्हणते. सिमोने नावाचा सगळ्यात वयस्कर नातलग आशेने पलंगाजवळच्या मेणबत्त्या पेटवतो. सगळे वाचतात, नुसते ओठ हलतात, आवाज नाही, आणि हळूहळू चेहरे पडत जातात. बातमी खरी निघते, सगळं साधूंना. सिमोने मेणबत्त्या विझवून टाकतो. मग झिता जे म्हणते त्याचा अर्थ असा की बुओझो गेल्यावर आपल्याला खरंखुरं रडावं लागेल असं कोणाला वाटलं होतं!

आता लाउरेत्ताचा बाप म्हणजे जान्नी स्कीक्की. खेड्यातून आलेला, घराणं नाही, पैसा नाही, पण डोकं तल्लख. दोनाती म्हणजे जुनं खानदान, त्यांना हा माणूस दारात नको आणि त्याची बिनहुंड्याची मुलगी घरात नको. रिनुच्चो मात्र ऐकत नाही, तो म्हणतो आता हाच आपल्याला वाचवेल, आणि फ्लॉरेन्सवर एक सुंदर गाणं गातो की हे शहर म्हणजे मोहरलेलं झाड आहे, त्याचं खोड आणि पानं चौकात आहेत खरी पण त्याची मुळं नवी ताकद आजूबाजूच्या खोऱ्यांमधून आणतात, वास्तुकार आर्नोल्फो आला, चित्रकार जोत्तो आला, तशी ही नवी माणसं येऊ द्या. मला विचाराल तर अख्ख्या ऑपेराचा जीव या गाण्यात आहे, पण त्याच्याकडे लोकांचं लक्ष जात नाही.

स्कीक्की येतो, सगळ्यांचे उतरलेले चेहरे बघतो आणि त्याला वाटतं म्हाताऱ्याची तब्येत सुधारली वाटतं. मग झिता त्याचा अपमान करते, तो भडकतो, मुलीचा हात धरून निघतो, या लोकांसाठी काही करणार नाही म्हणतो. आणि इथे, या आरडाओरड्याच्या ऐन मध्यात, तुमचं गाणं येतं.

लाउरेत्ता एकवीस वर्षांची. ती म्हणते बाबा, मला तो आवडतो, मला पोर्ता रॉस्सा रस्त्यावर जाऊन अंगठी घ्यायचीय, आणि तुम्ही नाही म्हणालात तर मी पोन्ते वेक्यो पुलावर जाऊन आर्नो नदीत उडी घेईन. जेमतेम दोन-अडीच मिनिटं. म्हणजे एका लाडक्या पोरीने बापाला घातलेलं साकडं आहे ते. आता ती खरंच उडी मारणार आहे का? गायिकेवर अवलंबून आहे, काहीजणी डोळ्यात खट्याळपणा ठेवून गातात, काहीजणी अगदी जीव तोडून, आणि माझं मत असं की दोन्ही खरं आहे, प्रेम खरं आहे आणि बापाला कसं वळवायचं हेही तिला नेमकं ठाऊक आहे. म्हणून तुम्हाला रडू आलं यात काही चूक नाही, चालच तशी आहे. फक्त त्या 'बाब्बीनो' शब्दाकडे लक्ष द्या, बाप म्हणजे 'बाब्बो' हा तोस्काना प्रांतातला घरगुती शब्द, इटलीत इतरत्र बहुतेक 'पापा' म्हणतात. पुच्चिनी स्वतः तोस्कानातल्या लुक्काचा, म्हणजे ही हाक त्याच्या घरातली आहे.

गाणं संपतं, थिएटरात टाळ्या पडतात, आणि स्कीक्कीचं पुढचं वाक्य काय, तर ते मृत्युपत्र द्या इकडे. बाप विरघळला. वाचतो, काही होणार नाही म्हणतो. फेऱ्या मारत परत वाचतो, काही होणार नाही. दोघं प्रेमिक प्रत्येक वेळी निरोपाचे सूर लावतात. तिसऱ्या वेळी फक्त एक शब्द, 'पण'... आणि त्या एका शब्दावर सगळं घर श्वास रोखतं. पुढचं बोलायच्या आधी तो मुलीला गच्चीवर पाठवतो, जा, पाखराला दाणे घाल, कारण जे बोलणार आहे ते पोरीच्या कानावर पडायला नको. मला हा बाप इथे फार आवडतो.

योजना अशी की बुओझो मेल्याचं बाहेर कोणाला माहीत नाही, तेव्हा प्रेत दुसऱ्या खोलीत हलवायचं, स्कीक्की बुओझोची टोपी घालून पलंगावर झोपणार आणि नोटरीला बोलावून नवं मृत्युपत्र सांगणार. तेवढ्यात बोलोन्याचा डॉक्टर दार वाजवतो, त्याला पडद्याआडून म्हाताऱ्याच्या आवाजात परत पाठवतो, डॉक्टर खुश, माझ्या हातून आजवर एकही पेशंट दगावला नाही म्हणतो. मग नातेवाईक. शेतं ठरल्याप्रमाणे वाटून घेतात, पण तीन गोष्टींवर सगळ्यांचा डोळा, तोस्कानातलं सगळ्यात उत्तम खेचर, फ्लॉरेन्समधलं घर आणि सिन्याच्या गिरण्या. एकेक जण गुपचूप येऊन कानात लाच सांगून जातो, सगळ्यांना हा हो म्हणतो.

आणि नोटरी यायच्या आधी तो सगळ्यांना एक ताकीद देतो, मृत्युपत्रात फसवणूक केली तर कायद्याने हात तोडतात आणि शहराबाहेर काढतात. थोट्या हाताने फ्लॉरेन्सला निरोप देण्याची एक चाल तो गातो आणि सगळ्यांकडून म्हणवून घेतो. ही चाल लक्षात ठेवा.

नोटरी येतो, स्कीक्की खोकत खोकत सांगायला लागतो, साधूंना फक्त पाच लिरा, नातेवाईकांना ठरलेली शेतं, सगळे खुश. मग खेचर, तीनशे फ्लोरिनचं, ते मी देतो माझ्या जिवलग मित्राला, जान्नी स्कीक्कीला. घर? जान्नी स्कीक्कीला. गिरण्या? त्यालाच. नातेवाईक ओरडायला जातात की हा पलंगावरून तीच निरोपाची चाल गुणगुणतो, हात लांब बाहीत लपवून, आणि सगळे गप्प, कारण गुन्ह्यात सगळेच सामील. वर झितालाच सांगतो की तुमच्या पिशवीतून साक्षीदारांना वीस आणि नोटरीला शंभर फ्लोरिन द्या. इतका चोख लिहिलेला प्रसंग ऑपेरात क्वचित सापडतो, आणि चालीचा वापर बघा, तीच चाल आधी भीती म्हणून येते आणि मग हत्यार होते, एक शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता ही गोष्ट आली कुठून. मध्ययुगीन इटालियन कवी दांतेच्या 'इन्फेर्नो' म्हणजे नरकावरच्या काव्याच्या तिसाव्या सर्गातून. नरकाच्या आठव्या वर्तुळात, तोतयांच्या खड्ड्यात, एक आत्मा पिसाळल्यासारखा धावत येऊन दुसऱ्याच्या मानेला चावतो, आणि दांतेला सांगितलं जातं की हा जान्नी स्कीक्की, याने कळपातली सगळ्यात देखणी घोडी मिळवण्यासाठी बुओझो दोनातीचं सोंग घेऊन मृत्युपत्र केलं. बस, काही ओळी. बाकीचा तपशील दांतेच्या जुन्या भाष्यकारांनी लिहून ठेवला आणि त्यातल्या एका चौदाव्या शतकातल्या अनामिक फ्लॉरेन्सवासीयाचं भाष्य १९व्या शतकात छापलं गेलं, त्यावरून फोर्त्सानोने हे सगळं घर उभं केलं. आणि एक गोष्ट विसरू नका, दांतेची बायको जेम्मा, ती दोनातीच होती. म्हणजे दांते ज्याला नरकात टाकतो त्याने सासरच्या खानदानाला गंडवलं होतं. पुच्चिनी आणि फोर्त्सानो तीच गोष्ट पलंगावर झोपलेल्या माणसाच्या बाजूने सांगतात, खेड्यातून आलेल्या नव्या माणसाच्या बाजूने. दांतेला स्वतःला १३०२ मध्ये फ्लॉरेन्समधून हद्दपार व्हावं लागलं आणि तो परत येऊ शकला नाही, हे माहीत असलं की ती निरोपाची चाल ऐकताना हसता हसता मन जड होतं.

पुच्चिनीने हा एकटा लिहिला नाही, तीन एकांकी ऑपेरांचा संच आहे 'इल त्रित्तिको', पहिला 'इल ताबार्रो' म्हणजे पॅरिसच्या नदीवरच्या होडीतला खून, दुसरा 'सुओर आंजेलिका' म्हणजे मठातल्या एका आईचं दुःख, आणि दोन काळजाला घरं पाडणाऱ्या गोष्टींनंतर शेवटी हा. पहिला प्रयोग न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात १४ डिसेंबर १९१८ ला झाला, महायुद्ध संपून जेमतेम महिना झाला होता, समुद्रप्रवास धोक्याचा, त्यामुळे स्वतः पुच्चिनी जाऊ शकला नाही. स्कीक्कीची भूमिका ज्युझेप्पे दे लुकाने केली, लाउरेत्ताची फ्लॉरेन्स ईस्टन या गायिकेने. इटलीत रोमला ११ जानेवारी १९१९ ला झाला. लोकांनी तिन्हीतला हाच डोक्यावर घेतला, आणि पुढे थिएटरं हा एकटा उचलून दुसऱ्याच एखाद्या छोट्या ऑपेराबरोबर लावायला लागली, लंडनच्या प्रयोगात तर 'सुओर आंजेलिका' काही दिवसांत काढूनच टाकला, याचं पुच्चिनीला फार वाईट वाटलं. मलाही वाटतं, पण खरं सांगायचं तर पहिल्यांदा बघणाऱ्याने हा एकटा बघितला तरी चालेल, तिन्ही एकत्र नंतर बघा. पुच्चिनी १९२४ मध्ये गेला, विनोदी ऑपेरा त्याने हा एकच लिहिला.

कुठला बघायचा तर इंग्लंडमधल्या ग्लाइंडबोर्न ऑपेरा महोत्सवातला २००४ चा, त्यात आलेस्सांद्रो कोर्बेल्ली स्कीक्की, घरभरच्या नातेवाईकांचा अभिनय बघत राहावा असा. नुसता ऐकायचा असेल तर तितो गोब्बीचं १९५८ चं रेकॉर्डिंग, त्याचा खोटा म्हाताऱ्याचा आवाज म्हणजे शाळा आहे गायकांसाठी. सबटायटल लावूनच बघा, शब्द इतके भराभर येतात की त्याशिवाय अर्धी मजा जाते. आणि शेवटचं वाक्य सबटायटलमध्ये वाचायला विसरू नका, सगळे हाकलले जातात, गच्चीवर दोघं प्रेमिक उभे, मागे फ्लॉरेन्स, आणि स्कीक्की गाणं सोडून साध्या बोलण्यात प्रेक्षकांना सांगतो की यासाठी मला नरकात टाकलं, असू दे, पण थोरल्या दांतेची परवानगी घेऊन विचारतो, आजची संध्याकाळ मजेत गेली असेल तर शिक्षा जरा सौम्य कराल का.

एक शेवटचं, तुमच्या गाण्याबद्दलच. रिनुच्चोच्या त्या फ्लॉरेन्सवरच्या गाण्यात मधे तो आर्नो नदीबद्दल गातो ना, तिथे कान टवकारून ऐका, तुमच्या गाण्याची चाल तिथे आधीच येऊन गेलेली असते, लाउरेत्ता अजून घरात पाऊलही टाकायच्या आधी. मग थोड्या वेळाने ती त्याच सुरात त्याच नदीत उडी मारायची भाषा करते. मला हे सापडायला चार-पाच वेळा ऐकावं लागलं होतं, तुम्ही पहिल्याच वेळी पकडा आणि इथे येऊन सांगा.