फँटसी रोल-प्लेइंग गेममध्ये देव आणि दैत्यपूजा सगळीकडे सारखीच असते का?

तुम्ही स्वतःचं जग रचताय, आणि विचारलंय की देव किती ठेवू आणि दैत्यांना पुजणारे नुसते दुष्ट दाखवले तर चालेल का. किती देव ते नंतर बघा. तुमच्या जगात देव हाकेला ओ देतो का, हे आधी ठरवा.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या गेमच्या 'फरगॉटन रेल्म्स' नावाच्या जगात देतो, जरा जास्तच देतो. तिथं देवाची ताकद भक्तांवर चालते, त्यामुळे देवालाच भक्त टिकवायची काळजी. आम्ही इंदुरात रामबागेत एका मित्राच्या गच्चीवर खेळतो, खेळाची गोष्ट मी रचतो. आमच्यातला पुजारी झालेला खेळाडू अडला की म्हणायचा, "थांब भिया, देवाला विचारतो." खून कुणी केला हे देवच सांगणार म्हटल्यावर माझ्या रहस्यकथेचं पोहेच झाले, वर जिरावण भुरभुरवलेले.

त्याच गेमच्या 'डार्क सन'मध्ये (1991) ही कटकटच नाही. अथास हे वाळवंटी जग, तिथं देवच नाहीत. पुजारी अग्नी, वारा, पाणी, माती यांच्याकडून शक्ती घेतात.

माझं आवडतं जग मात्र त्याच गेमचं, कीथ बेकरनं रचलेलं 'एबेरॉन' (2004). देव असतीलही, नसतीलही. कुणाला दर्शन देत नाहीत. पुजाऱ्याचे मंत्र चालतात, पण ते देवामुळे की त्याच्या स्वतःच्या श्रद्धेमुळे, हे कुणालाच छातीठोक सांगता येत नाही. पुजारी आतून सडका निघाला तरी मंत्र चालतातच! राक्षसराज मात्र खरेखुरे, जमिनीच्या पोटात जखडलेले. देवाचा पत्ता नाही आणि राक्षस पायाखाली, म्हणून तिथली दैत्यपूजा अंगावर येते.

दैत्यपूजकांना कारण द्या, नाहीतर ते नुसते काळे झगे घालून फिरतात. 'पाथफाइंडर' या दुसऱ्या गेममधल्या चेलियाक्स देशात नरकाचा राजा अस्मोडियस याची पूजा हा चक्क राजधर्म आहे. शिस्त आणि करारमदार यांवर सगळं चालतं. 'वॉरहॅमर' या आणखी एका गेममध्ये तीच गोष्ट लपूनछपून होते. तिथला नर्गल रोगराईचा देव. ज्याला कुठलंच औषध लागू पडत नाही तो शेवटी त्याचे पाय धरतो, आणि मग अंगावरचे फोडच त्याला प्रसाद वाटू लागतात. असा माणूस मला दुष्ट म्हणवत नाही.

(अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' म्हणजे सैतानाची पूजा, अशी ओरड झाली, तेव्हा 1989च्या दुसऱ्या आवृत्तीतून डेव्हिल आणि डेमन काढले, आणि 1991मध्ये 'बातेझू' आणि 'तनारी' म्हणून परत आणले. नावं बदलली, शिंगं तीच.)

हे सगळं मी घरी फोनवर बोलत होतो. आजीनं मधेच विचारलं, "दैत्याला नैवेद्य दाखवण्यात एवढं काय नवल? मणी कोण होता मग?" राजवाड्यातल्या मल्हारी मार्तंडाला ती वर्षानुवर्षं जाते. गोष्ट मलाही ठाऊक होती, पण गेमच्या संदर्भात कधी सुचलीच नव्हती. मणी आणि मल्ल दोघे दैत्य. मणीनं मरताना पश्चात्तापानं आपला पांढरा घोडा खंडोबाला दिला आणि देवळात जागा मागून घेतली. मल्लानं जगाचा नाश मागितला. त्याचं शिर पायरीशी पडलं, भक्तांच्या पायाखाली.

पुढच्याच रविवारी माझ्या जगातल्या एका गावात देवळाच्या दाराशी दैत्याची मूर्ती बसवली, पहिला नैवेद्य तिचा. आमच्या पुजाऱ्यानं गदा उगारली. गावकरी काठ्या घेऊन धावले, आणि सगळ्यांत पुढे देवळाचा गुरव होता.