संभाजी किंग्ज नाही, मग ओरडायचं कुणासाठी?

मैदानाकाठी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी परभणीला बारावीत शिकतो. महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या पहिल्या दोन हंगामांत छत्रपती संभाजी किंग्जचे सामने मी मोबाइलवर जीव लावून पाहिले. २०२५ च्या हंगामात आपला संघच नव्हता. मित्र म्हणतात, पुणेरी बाप्पा धर, तिकडं ऋतुराज आहे. मन होत नाही. काय करू?

उत्तर : मन होत नसेल तर धरू नकोस, बाळा. ऋतुराज गायकवाडची फलंदाजी मलाही फार आवडते आणि तो खेळत असेल तर मी टीव्हीसमोरून उठत नाही. पण छान खेळाला दाद देणं वेगळं आणि संघ हरला की घास घशाखाली न उतरणं वेगळं. तुला हे दुसरं हवंय, आणि ते मित्रांच्या सांगण्यावरून होत नसतं.

२०२३ च्या जूनमध्ये लीग सुरू झाली तेव्हा मीही अशीच हरखले होते. सहा संघांत एक आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या नावाचा आणि त्यात तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर. नुकताच मार्चअखेरीस त्याने अहमदाबादला चेन्नई सुपर किंग्जकडून आयपीएलमधला पहिला सामना खेळला होता आणि साहा, साई सुदर्शन, विजय शंकर असे तीन बळी ३६ धावांत घेतले होते. छत्रपती संभाजीनगरला आमच्या गल्लीतली पोरं तेव्हापासून त्याच्यासारखा रनअप घेत धावायची. त्या पोरांना मी सांगितलं होतं, आता हा आपल्या संघाकडून खेळणार, बघायला जाऊ.

जायचं कुठं? दोन्ही हंगाम पुण्याजवळ गहुंज्याच्या मैदानावर झाले. आमच्या शहराचा संघ आमच्या शहरात एकदाही खेळला नाही. माझं सगळं म्हणणं इथंच आहे. पोराला आपला गडी सीमारेषेवर, दहा हातांवर उभा दिसला पाहिजे. सामना संपल्यावर बसपाशी घुटमळता आलं पाहिजे, झेल सुटला तर हळहळ त्याच्या कानापर्यंत गेली पाहिजे. तसं झालं असतं तर संघ बंद होताना निदान आरडाओरड तरी झाली असती. रत्नागिरी जेट्सने पहिले दोन्ही हंगाम जिंकले, २०२५ चा ईगल नाशिक टायटन्सने. त्या गावांतल्या लोकांनाही करंडक घरी आलेला दिसला, पण सामना दिसला नाही. साताऱ्याचा आणि रायगडचा संघ नव्याने आला, त्यांचंही तेच.

आयोजकांना माझं एक सांगणं आहे. गहुंजं सह्याद्रीच्या अगदी जवळ, आणि लीग भरते जूनमध्ये. २०२३ चा अंतिम सामना पावसानेच पुरा होऊ दिला नाही. गुणतक्त्यात वर होते म्हणून रत्नागिरीला विजेतेपद मिळालं, कोल्हापूर टस्कर्सचे गडी तसेच परतले. आमच्याकडे जूनमध्ये आम्ही आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतो. दोन-चार सामने इकडे आणा. प्रकाशझोत नसतील तर सकाळी आणि दुपारी खेळवा. जूनच्या उन्हातही आम्ही येऊ.

तोवर तू काय करायचं? महाराष्ट्राचा रणजी संघ धर. तो तुझा आहे, तुझ्या जिल्ह्यातल्या पोराला त्याचं दार उघडं आहे. पैठणच्या अंकित बावणेने २०१६ साली वानखेडेवर दिल्लीविरुद्ध नाबाद २५८ केल्या. स्वप्निल गुगळे ३५१ वर नाबाद होता. दोघांची ५९४ धावांची अभंग भागीदारी रणजीच्या इतिहासात सगळ्यांत मोठी आहे. जालन्याच्या विजय झोलने त्याआधी, २०११ मध्ये, १९ वर्षांखालील कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ काढल्या होत्या. आणि बीडचा सचिन धस! २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध आपले चार गडी ३२ धावांत गेले होते. त्या अवस्थेत त्याने ९६ धावा केल्या, उदय सहारनबरोबर १७१ जोडल्या आणि सामना हातात आणून दिला. त्याचं शतक चार धावांनी हुकलं याचं मला अजून वाईट वाटतं.

प्रश्न : जालन्यात आमच्या घरी प्रो कबड्डीवरून वाद आहे. मी यू मुंबाचा, मुलगा पुणेरी पलटणचा. तुम्ही कुणाच्या?

उत्तर : पलटणच्या. यू मुंबाने २०१५ मध्ये करंडक जिंकला तेव्हा अनुप कुमारचा खेळ बघायला मीही बसायचे, त्याच्यासारखा शांत चढाईपटू मी पाहिला नाही. पण पलटणने पोरं वाढवली. युवा पलटणमधून कोवळी पोरं घेतली, त्यांना वेळ दिला आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादला अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं. कप्तान अस्लम इनामदार, नगर जिल्ह्याचा. वैजापूर ओलांडलं की त्याचा जिल्हा लागतो, म्हणजे आपल्या शेजारचाच. मुलाला माझा निरोप सांगा, त्याची निवड चांगली आहे.

प्रश्न : मी धाराशिवला खो-खो खेळते, नववीत आहे. अल्टिमेट खो-खो लीगमध्ये मुलींचे संघच नाहीत. मराठवाड्याचा तर मुलांचाही नाही. आमचा संघ कधी होईल?

उत्तर : पोरी, तुझ्या पत्राची मी वाटच बघत होते.

क्रिकेटमध्ये मराठवाड्याने संघ मागितला तर ती विनंती ठरते. खो-खोत तो हक्क आहे, आणि पहिला हक्क तुझ्या गावाचा. सारिका काळे धाराशिवची. तिच्या नेतृत्वाखाली भारताने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या मुलींची कप्तान प्रियंका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्याची, आणि संघात तुमच्या धाराशिवची अश्विनी शिंदे. अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. आपल्या मुली आक्रमणाला उतरल्या की नेपाळच्या तुकड्या टिकतच नव्हत्या. एक खो, दुसरा खो, गडी वळते न वळते तोच सूर मारून बाद. मी कळंबच्या शाळेत मातीवर खो-खो खेळलेली बाई, माझे हात नुसते शिवशिवत होते.

आता लीगकडे बघ. २०२२ ला सुरू झाली, सहा संघ. पहिला अंतिम सामना बालेवाडीला, ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाज्‌ना ४६-४५ असं एका गुणाने हरवलं. त्या तेलुगू संघात पुण्याचा प्रतीक वाईकर. सगळ्या संघांत मराठी पोरं, आणि महाराष्ट्राचा म्हणावा असा संघ एकटा मुंबई खिलाडीज. हे मला खटकतं. पैसे लावणाऱ्यांनी मोठ्या शहरांची नावं घेतली, खेळ जिथं रुजला त्या गावांची घेतली नाहीत. मुलींची लीग निघाली पाहिजे आणि तीत धाराशिवचा संघ असला पाहिजे, सामने तुळजाभवानी क्रीडा संकुलात. सत्तावीस मीटर लांब, सोळा मीटर रुंद एवढीच जागा लागते. क्रिकेटच्या एका मैदानाच्या खर्चात अशी कितीतरी मैदानं होतील.

कधी होईल ही तारीख माझ्याकडे नाही. तू तयारी कर. मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात, मातीवरचा सूर तिथं तसाच मारलास तर कोपरं, गुडघे सोलून निघतात. मॅट मिळेल तिथं सराव माग, त्यासाठी सरांच्या मागे लाग. आणि संरक्षणात एकेरी साखळीवर, म्हणजे बसलेल्या गड्यांमधून नागमोडी पळण्यावर, जास्त भर दे. तुझ्या वयाच्या मुली आक्रमणावरच खूष असतात.

प्रश्न : नांदेडहून आम्ही काही मित्र पुढच्या हंगामात गहुंज्याला सामना बघायला जावं म्हणतो. जाण्यात अर्थ आहे का?

उत्तर : आहे, जरूर जा. नांदेड-पनवेल गाडी संध्याकाळी निघते आणि परभणी, लातूर, कुर्डुवाडी करत पहाटे पुण्याला पोचते. पुढे लोणावळा लोकल धरून देहूरोडला किंवा बेगडेवाडीला उतरा. छत्री न विसरता घ्या. एक फलकही न्या, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, ‘पुढचा सामना संभाजीनगरला’. कॅमेरा प्रेक्षकांवर फिरतो तेव्हा तो वर धरा, मी घरी बघत असेन.