आधी डीएसओला विचारा

अमेरिकेत एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्या मुलांचे आणि त्यांच्या पालकांचे प्रश्न या वेळी बरेच आले. मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात डीएसओ (डेझिग्नेटेड स्कूल ऑफिशियल) होते. म्हणजे मुलांच्या आय-२० वर, म्हणजे विद्यापीठ देतं त्या प्रवेशाच्या आणि अभ्यासक्रमाच्या मुदतीच्या कागदावर, सही करणारी आणि त्यांची माहिती सरकारच्या सेव्हिस प्रणालीत भरणारी. त्यामुळे उत्तरं त्याच खुर्चीतून देते आहे.

मॅडम, एमएसचं पहिलं सेमिस्टर चालू आहे. कॅम्पसवर काम मिळालं नाही. ओळखीच्या एका काकांच्या स्टोअरमध्ये शनिवार-रविवार काउंटर सांभाळला तर ते रोख पैसे देतील. रूममेट म्हणतो, कागदावर काहीच नसतं, मग कळणार कुणाला?

कागदावर काही नसतं हे काकांनाही ठाऊक असतं. महिनाअखेरीला ठरल्यापेक्षा कमी पैसे हातावर टेकवले तरी तू तक्रार करायला धजावणार नाहीस, हेही त्यांना ठाऊक असतं. अशी रडकुंडीला आलेली मुलं माझ्यासमोर येऊन बसायची. नाव घ्यायची नाहीत, नुसतं म्हणायची, ‘माझ्या एका मित्राचं असं झालंय.’

परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर केलेलं काम म्हणजे स्टेटसचा, विद्यार्थी म्हणून तिथे राहण्याच्या कायदेशीर हक्काचा, भंग. पैसे रोख मिळाले की चेकने, याने काही फरक पडत नाही. मित्राच्या खात्यावर लॉगिन करून जेवणाची डिलिव्हरी करणं, हेही त्यातच आलं. दुसऱ्या काही कारणाने स्टेटस गेलं, तर रीइन्स्टेटमेंटचा, म्हणजे ते परत मिळवण्याचा, अर्ज करता येतो. पण त्या अर्जाची एक अटच अशी आहे की अर्जदाराने बेकायदा काम केलेलं नसावं. पुढे कधी ग्रीन कार्डची वेळ आलीच, तर त्या फॉर्मवरही हा प्रश्न सरळ विचारलेला असतो. तिथे खोटं लिहिलंस, तर ते प्रकरण मूळच्या प्रकरणापेक्षा जड जाईल.

आता करता काय येईल ते बघ. सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं, सुट्टीत पूर्णवेळ. दोन ठिकाणी काम केलंस तरी २० तास दोन्हींचे मिळून. मुलं या बेरजेत हमखास घसरतात. प्रोफेसरांना मेल पाठवून गप्प बसू नकोस. लायब्ररी, डायनिंग हॉल, जिमचा काउंटर, सगळीकडे स्वतः जा. डिसेंबरात काही सिनियर पास होऊन जातात, तेव्हा त्यांच्या जागा मोकळ्या होतात.

एक शैक्षणिक वर्ष झाल्यावर अचानक आर्थिक संकट आलं, समजा घरचा कमावता माणूस गेला, तर कॅम्पसबाहेर कामाच्या परवानगीसाठी यूएससीआयएसकडे, म्हणजे सरकारच्या इमिग्रेशन खात्याकडे, अर्ज करता येतो. ही वाट फार कमी जणांना माहीत असते.

उन्हाळ्यात इंटर्नशिप मिळालीच, तर ऑफर लेटर आलं म्हणून सोमवारी रुजू होऊ नकोस. सीपीटीची, म्हणजे शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची, परवानगी कंपनीच्या नावानिशी आणि तारखांसह आय-२० वर आली पाहिजे, आणि त्यातली पहिली तारीख उजाडली पाहिजे. शिवाय पूर्णवेळ सीपीटी १२ महिने भरला, की त्या पातळीच्या पदवीवरचा ओपीटी (आपल्या विषयात काम करण्याची मुभा, जी बहुतेक जण पदवीनंतर वापरतात) गेलाच म्हणून समज.

मी बीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. १२ क्रेडिट्स घेतले आहेत, पण एक विषय अजिबात झेपत नाही. तो ड्रॉप करू का? पोर्टलवर तसं बटण आहे.

ते बटण अमेरिकन मुलालाही दिसतं आणि तुलाही. तू एफ-१ वर आहेस की नाही, हे ते बघत नाही. बीएसला १२ क्रेडिट्स म्हणजे पूर्ण भार, आणि एफ-१ चं स्टेटस त्यावरच टिकतं; त्यात ३ गेले की ९ राहिले. आधी डीएसओकडे जा. काही कारणांसाठी भार कमी करून मिळतो: सुरुवातीला भाषा किंवा शिकवण्याची पद्धत अंगवळणी न पडणं, चुकीच्या पातळीच्या वर्गात नाव घातलं जाणं. पण हे एका पदवीत एकदाच, आणि तरी निदान ६ क्रेडिट्स ठेवावेच लागतात. आजारपण असेल तर डॉक्टरांचं किंवा परवानाधारक क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पत्र लागतं. मन थाऱ्यावर नसणं हेही आजारपणच आहे, ते सांगायला लाजू नकोस. ड्रॉप करून मग सांगायला आलास, तर डीएसओला सहानुभूती वाटेल, पण मागची तारीख घालून परवानगी देता येणार नाही.

जाता जाता: त्या विषयाऐवजी ऑनलाइन वर्ग घेण्याचा विचार असेल, तर पूर्ण भार मोजताना एका सेमिस्टरमध्ये एकच ऑनलाइन वर्ग, म्हणजे ३ क्रेडिट्स धरले जातात.

मुलगी पीएचडी करते आहे. पासपोर्टवरचा तिचा व्हिसा मे महिन्यात संपतोय, पण अभ्यास संपायला अजून दोन वर्षं आहेत. तिला परत यावं लागेल का?

नाही. व्हिसा लागतो तो अमेरिकेत शिरताना. आत आल्यावर मुक्काम चालतो तो स्टेटसवर. मात्र ती भारतात येऊन गेली, तर परत जाण्याआधी नवा व्हिसा घ्यावा लागेल. त्यामुळे लग्नकार्याची तिकिटं काढण्याआधी व्हिसाच्या अपॉइंटमेंटच्या तारखा बघा. आय-२० वर प्रवासासाठीची सहीही वर्षभरातली हवी.

तुम्ही लक्ष ठेवायची तारीख आय-२० वरची, अभ्यासक्रम संपण्याची. पीएचडी लांबते, गाइड म्हणतात ‘अजून एक प्रयोग करू’, आणि ती तारीख उलटून जाते. मुदतवाढ तारखेच्या आधीच घ्यावी लागते. दर प्रवासानंतर तिने आय-९४, म्हणजे अमेरिकेत शिरल्याची सरकारी नोंद, ऑनलाइन उतरवून बघावा. एफ-१ वर आलेल्यांना तिथे तारखेच्या जागी डी/एस, म्हणजे ‘स्टेटस टिकेल तोवर’, ही अक्षरं मिळत आली आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या सरकारने याऐवजी जास्तीत जास्त ४ वर्षांची ठरावीक मुदत देण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणून तर तो कागद नुसता फाइलला न लावता वाचायचा.

घर बदललं. कुणाला कळवू?

विद्यापीठाला, १० दिवसांच्या आत. पार्सलवाल्यांना मुलं त्याच रात्री कळवतात, डीएसओला सेमिस्टर संपताना. क्रम उलटा हवा.

मुलगा गेल्या ऑगस्टमध्ये गेला. एक डॉलरही कमावलेला नाही. मग टॅक्सचं काही भरायचं नाही ना?

टॅक्स नाही, पण फॉर्म आहे: ८८४३, विद्यार्थी म्हणून किती दिवस राहिलो हे टॅक्स खात्याला सांगणारा. उत्पन्न शून्य असलं तरी तो भरायचा असतो, मुदत १५ जून. पुढच्या वर्षी कॅम्पसवर कमावलं, की १०४०-एनआर, म्हणजे अनिवासी लोकांचं टॅक्स रिटर्न, भरायचा, १५ एप्रिलपर्यंत. त्यात भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं. बाकी बहुतेक देशांच्या मुलांना ते मिळत नाही. अमेरिकन रूममेट वापरतो ते सॉफ्टवेअर डोळे झाकून वापरलं, तर भलताच फॉर्म भरला जाण्याची भीती असते.

नुसता ८८४३ असेल, तर तो छापून, सही करून टपालाने टॅक्स खात्याच्या ऑस्टिन, टेक्सासच्या पत्त्यावर पाठवायचा. पाकीट बंद करण्याआधी त्याचा एक फोटो काढून ठेवायला सांगा.