क्रॉसओव्हर : पॅसिव्ह ठेवावा की अ‍ॅक्टिव्ह करावा?

प्रश्न : गाडीत पुढे साडेसहा इंची कंपोनंट सेट (जाड सुरांचा वूफर आणि बारीक सुरांचा ट्वीटर वेगळे असलेला) आणि चार चॅनलचा अँप आहे. सेटसोबत आलेले पॅसिव्ह क्रॉसओव्हर (अँपनंतर वायरीत बसून सूर वूफर-ट्वीटरमध्ये वाटणारे डबे) काढून अ‍ॅक्टिव्ह करा, आवाज खुलेल, असं दुकानदार म्हणतो. पुढे सबवूफरही लावायचा आहे. काय करू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सबवूफर नक्की लावणार असाल, तर पॅसिव्हच ठेवा. प्रश्न चॅनलचा आहे. पॅसिव्हमध्ये पुढचे दोन वूफर आणि दोन ट्वीटर मिळून दोनच चॅनलवर चालतात, उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे जोडून एक करून, सबला देता येतात. अ‍ॅक्टिव्हमध्ये सुरांची वाटणी अँपने आवाज वाढवण्याआधीच होते, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र चॅनल लागतो. चारही चॅनल पुढेच संपतात आणि सबसाठी मोनो अँप वेगळा घ्यावा लागतो. वर डीएसपीचा (सूर डिजिटल पद्धतीने वाटणाऱ्या प्रोसेसरचा) खर्च. अँपवरच्या फिल्टरच्या नॉबवर भिस्त ठेवू नका. बहुतेक अँपमध्ये तो सबच्या पट्ट्यापुरताच, साधारण 50 ते 250 हर्ट्झचा असतो. ट्वीटरचे खालचे सूर तोडायचे असतात 3000 हर्ट्झच्या आसपास.

अ‍ॅक्टिव्हचा खरा फायदा वेगळाच आहे. उजवा ट्वीटर तुमच्या कानाजवळ, डावा वूफर पार पलीकडच्या दारात. अंतरात 34 सेंटिमीटरचा फरक म्हणजे आवाज 1 मिलिसेकंद उशिरा. डीएसपीत प्रत्येक स्पीकरला वेगळा डिले (उशीर) देता येतो; पॅसिव्हमध्ये एका बाजूचे वूफर-ट्वीटर एकत्रच सरकतात. मोनो अँप आणि डीएसपीची तयारी असेल, सेटिंग शांतपणे करणारा माणूस असेल, तर जरूर अ‍ॅक्टिव्ह करा.

मात्र क्रम चुकवू नका. अँपवरचे फिल्टर बंद करा, नाहीतर एकावर एक दोन फिल्टर बसतात. गेन (अँपची सिग्नल वाढवण्याची पातळी) तळाला आणा. ट्वीटरचा हाय-पास (त्याखालचे सूर अडवणारा फिल्टर) 3500 हर्ट्झ, उतार 24 डीबी असा डीएसपीत आधी भरा; वायर त्यानंतरच जोडा. वूफरला 70 ते 3500 हर्ट्झ द्या. ट्वीटरच्या वायरीत 47 मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर (प्लस-मायनस नसलेला) कपॅसिटर कायमचा राहू द्या. 4 ओमवर तो 850 हर्ट्झच्या आसपास तोडतो, त्यामुळे आवाजात फारसा फरक पडत नाही. पण सर्व्हिसिंगला बॅटरी काढली आणि डीएसपी स्टिरिओतच असल्यास त्याचं सेटिंग पुसलं गेलं, तर बास थेट ट्वीटरवर येतो. तेव्हा हाच कपॅसिटर त्याला वाचवतो.

प्रश्न : पॅसिव्ह क्रॉसओव्हरला दुसऱ्या कंपनीचा ट्वीटर चालेल का?

उत्तर : आधी ओम पाहा. नुसता 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 4 ओमच्या ट्वीटरला 4000 हर्ट्झला तोडतो, 8 ओमच्या ट्वीटरला 2000 लाच. न पेलणारे सूर आल्यावर छोटा ट्वीटर फाटका वाजू लागतो. ओम जुळले आणि तरी आवाज टोचत असेल, तर क्रॉसओव्हरवरचा जंपर किंवा स्विच -3 डीबीवर टाका. गायकाचा आवाज पोकळ, मागे गेल्यासारखा वाटला, तर दोन्ही ट्वीटरच्या प्लस-मायनस वायरी अदलाबदल करून ऐका. एकाच बाजूची उलटवू नका.