‘गो’ आणि ‘गम्’ : चेहरा सारखा, नातं नाही

इंग्रजीतल्या एखाद्या रोजच्या क्रियापदाबद्दल प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात सुचवलं होतं. बहुतेक पत्रं ‘गो’बद्दलच आली. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. सारख्या प्रश्नांना एकच उत्तर दिलं आहे.

प्रश्न : इंग्रजी ‘गो’ हा संस्कृत ‘गम्’ धातूवरून आला, असं शाळेत सांगितलं होतं. अर्थ तोच, पहिलं अक्षरही तेच. मग शंकेला जागा आहे का? (सदाशिव पेठ)

आहे, आणि भरपूर आहे. पहिली गोष्ट, इंग्रजी संस्कृतातून निघालेली नाही. दोघींची मूळ भाषा एक. नातं चुलत बहिणींचं, आई-लेकीचं नव्हे. दुसरी गोष्ट अशी की, चुलत बहिणी असूनही ‘गो’ आणि ‘गम्’ हे शब्द एका मुळाचे नाहीत, आणि ते ज्यामुळे कळतं तो त्यांचा सारखेपणाच.

जर्मन, डच, इंग्रजी यांच्या जर्मानिक कुळात फार पूर्वी व्यंजनं एका ठरावीक रीतीने सरकली. याकोब ग्रिम याने 1822 मध्ये हा नियम व्यवस्थित मांडला. परीकथा गोळा करणाऱ्या दोन ग्रिम बंधूंपैकी हा थोरला. या नियमाप्रमाणे मुळातला ग इंग्रजीत क होतो. संस्कृत गो म्हणजे गाय, तिचं इंग्रजी भावंड ‘काउ’. युग म्हणजे जू, त्याचं ‘योक’. संस्कृतात काही ठिकाणी याच ग-वर्गाचा ज झालेला असतो, म्हणून जानु म्हणजे गुडघा याच्यासमोर ‘नी’ येतो. त्याच्या स्पेलिंगात मूक ‘के’ अजून बसलेला आहे. ज्ञा धातूसमोरच्या ‘नो’चंही तसंच. तेव्हा संस्कृतात ग दिसला तर इंग्रजीत ग शोधायचा नाही, क शोधायचा. गम् धातूसाठी असा क शोधला की हाती लागतो ‘कम’, म्हणजे येणे! एकाच मुळापासून एका भाषेत ‘जाणे’ झालं आणि दुसरीत ‘येणे’. मूळ अर्थ नुसता पाऊल टाकण्याचा होता, दिशा नंतर ठरली. संस्कृतालाही दिशा बदलायला एक ‘आ’ पुरतो: गच्छति जातो, आगच्छति येतो.

मग ‘गो’ कोणाचा? इंग्रजीतला सुरुवातीचा ग पुष्कळदा संस्कृतातल्या ह-समोर उभा असतो. हंस आणि ‘गूस’ ही जोडी प्रसिद्ध आहे. त्याच वाटेने व्युत्पत्तिकार ‘गो’चं नातं ‘हा’ धातूशी जोडतात. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, हा धातू दोनदा येतो, एकदा टाकण्याच्या अर्थाने (जहाति) आणि एकदा जाण्याच्या अर्थाने (जिहीते). आपण रोज वापरतो ते ‘हानी’ आणि ‘हीन’ हे शब्द त्यातल्या पहिल्यापासून आले.

असाच दुसरा सापळा ‘दिवस’ आणि ‘डे’ यांचा. तिथेही नातं नाही. संस्कृत द-ला इंग्रजीत ट हवा: दश आणि ‘टेन’, दन्त आणि ‘टूथ’. ‘दिवस’ ज्या कुळातला त्याच कुळातला ‘देव’ इंग्रजीत सापडतो तो ‘ट्यूजडे’च्या पहिल्या अर्ध्यात. तो ‘टिव’ नावाच्या जुन्या जर्मानिक देवाचा वार आहे. ‘डे’ मात्र वेगळ्या घरचा.

प्रश्न : ‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ कसा? एकही अक्षर जुळत नाही. मराठी क्रियापदं निदान शिस्तीत चालतात, इंग्रजीत सगळा सावळा गोंधळ. (कोथरूड)

‘वेंट’ हा दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ आहे. ते क्रियापद ‘वेंड’, म्हणजे वळणे. सेंड-सेंट, बेंड-बेंट, स्पेंड-स्पेंट यांच्याच रांगेत वेंड-वेंट बसतं. ‘तो घराकडे वळला’ असं आपण म्हणतो तेव्हा तो घरी निघालेला असतो. वळणे ते जाणे हा प्रवास इंग्रजीतही असाच सोपा होता. ‘गो’ला त्याआधी ‘एओदे’ असा निराळा भूतकाळ होता. चौदाव्या शतकात, चॉसर या कवीच्या काळी, त्याचं ‘येडे’ हे रूप आणि ‘वेंट’ दोन्ही चालत. पंधरावं शतक संपता संपता दक्षिण इंग्लंडात ‘वेंट’ने ती जागा पटकावली. स्कॉटलंडच्या बोलीने तिसराच मार्ग काढला आणि ‘गो’पासूनच ‘गेड’ असा भूतकाळ घडवला. भूतकाळ हातचा गेलेल्या ‘वेंड’ला मग ‘वेंडेड’ हे नवं रूप करून घ्यावं लागलं. आज ते क्रियापद ‘वेंड वन्स वे’ (वाट काढत जाणे) अशा एखाद्या ठरीव प्रयोगापुरतं उरलं आहे.

आता मराठीच्या शिस्तीबद्दल. जातो, जाईल, आणि मग गेला: ‘जा’मधलं एक तरी अक्षर ‘गेला’त आहे का? ‘जा’ आला ‘या’ धातूपासून (याति). शब्दाच्या सुरुवातीच्या य-चा ज होणं मराठीत नेहमीचं: योगीचा जोगी, यात्रेची जत्रा. ‘जत्रेला जातो’ या वाक्यात एकच धातू दोनदा आहे, हे जेजुरीला जाताना कोणाच्या ध्यानात येत नाही. ‘गेला’ मात्र गम् धातूच्या ‘गत’पासून आला, त्याला प्राकृतातला ‘इल्ल’ प्रत्यय लागून. म्हणजे वर सांगितलेल्या ‘कम’चा सख्खा नातेवाईक आपल्याकडे ‘गेला’ आहे.

एवढ्यावर थांबत नाही. ‘येतो’ हा ‘इ’ धातूचा, तर ‘आला’ हा ‘आगत’चा. ‘होतो’ हा भू धातूचा (भवति), तर ‘झाला’ हा ‘जात’चा, म्हणजे जन्मलेला. जुन्या मराठीत जाला, जाली, जालें अशीच रूपं आहेत. जाणे, येणे, होणे ही भाषेतली सर्वांत राबती क्रियापदं, आणि तिन्हीत दोन-दोन धातूंची सांधेजोड. फ्रेंचमध्येही ‘जाणे’ या क्रियापदाची वर्तमानकाळातली बहुतेक रूपं लॅटिन ‘वादेरे’पासून आणि भविष्यकाळ ‘ईरे’पासून आहे.

राबत्या क्रियापदांतच असं का होतं? जे रूप मूल दिवसातून शंभरदा ऐकतं ते तोंडपाठ होऊन बसतं, त्याला नियमाचा आधार लागत नाही. क्वचित लागणाऱ्या क्रियापदाचं रूप आठवलं नाही की बोलणारा नियम लावून मोकळा होतो. म्हणून इंग्रज मुलं काही दिवस ‘वेंट’ऐवजी ‘गो’ला ‘-एड’ जोडून ‘गोड’ म्हणतात, आपली ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणतात, आणि पुढे आपोआप सुधारतात. गोंधळ म्हणावा असं यात काही नाही.

प्रश्न : ‘गो टु स्कूल’ बरोबर, मग ‘गो टु होम’ चूक का? (हडपसर)

‘होम’ इथे नाम नाही, क्रियाविशेषण आहे. जुन्या इंग्रजीत या शब्दाचं विभक्तीचं रूपच ‘घराकडे’ हा अर्थ देई. विभक्ती झिजली, अर्थ राहिला. मराठीत हेच ‘घरी’मध्ये दिसतं. त्यात सप्तमीचा ई आधीच आहे. ‘गो टु होम’ म्हणणं म्हणजे ‘घरीला जा’ म्हणणं. अब्रॉड, अपस्टेअर्स, देअर यांनाही ‘टु’ लागत नाही. पण घर कोणाचं ते सांगितलं की ‘होम’ पुन्हा नाम होतं आणि ‘टु’ परत येतो: ‘गो टु हिज होम’.

जाता जाता आणखी एक. फिरायला जाणे म्हणजे ‘गो फॉर अ वॉक’ किंवा ‘गो वॉकिंग’. तळजाईवर सकाळी ऐकू येणारं ‘गो फॉर वॉकिंग’ हे या दोघांची भेसळ आहे. ‘गो फॉर शॉपिंग’ही तसंच. ‘गो शॉपिंग’ एवढं पुरे.

प्रश्न : मुलाखतीत ‘आय हॅव गॉन टु जर्मनी ट्वाइस’ म्हटल्यावर समोरचे गृहस्थ हसले. चुकलं काय? (हिंजवडी)

‘हॅज गॉन’ म्हणजे गेलाय आणि अजून तिकडेच आहे. ‘हॅज बीन टु’ म्हणजे जाऊन आलाय. मराठीत हा भेद आपण कधी चुकत नाही. ‘मी दोनदा जर्मनीला गेलोय’ हेही चालतं, कारण ‘दोनदा’मुळे परत आल्याचं कळतं. इंग्रजीत मात्र ‘ट्वाइस’ने तो अर्थ भरून निघत नाही. समोर बसलेला माणूस जर्मनीत असू शकत नाही, म्हणून ‘आय हॅव बीन टु जर्मनी ट्वाइस’ म्हणायचं. वाक्य मनात ‘जाऊन आलोय’ असं फिरवून पाहा. बसलं तर ‘बीन’.

दोन बारकावे. वेळ नेमकी सांगितली की दोन्ही बाद: ‘लास्ट इयर’ आलं तर ‘आय वेंट’. आणि दारावर चिठ्ठी लावून जायचं असेल तर स्वतःबद्दलही ‘गॉन टु द बँक’ बरोबर, कारण चिठ्ठी वाचली जाईल तेव्हा लिहिणारा तिथे नसेल.

प्रश्न : दूध ‘गोज बॅड’, माणूस ‘गोज मॅड’, पण स्वप्न ‘कम्स ट्रू’. यामागे काही नियम आहे? (पिंपरी)

नियम नाही, पण कल पक्का आहे. नेहमीच्या, हव्या असलेल्या स्थितीपासून दूर नेणारा बदल ‘गो’कडे, तिच्याकडे आणणारा ‘कम’कडे. सावर (आंबट), स्टेल (शिळं), ब्लाइंड, डेफ, बॉल्ड (टकला), बँकरप्ट, राँग हे सगळे ‘गो’बरोबर. ट्रू, राइट, अलाइव्ह हे ‘कम’बरोबर. मराठीचा कौलही असाच: तोल जातो, तडा जातो, मेहनत वाया जाते, उलट माणूस शुद्धीवर येतो, गाडी रुळावर येते. लाइट गेली आणि आली यातही बोलणारा उजेडाच्या बाजूने उभा असतो.

चुका इथे होतात: म्हातारं होणं, थकणं, आजारी पडणं वाईट असूनही ‘गो’ घेत नाहीत. तिथे ‘गेट ओल्ड’, ‘गेट टायर्ड’, ‘फॉल इल’. बांधलेलं सुटणं नकोसं असलं तरी ‘कम लूज’, ‘कम अनडन’. रंगांना बरं-वाईट लागू नाही: केस ‘गो ग्रे’, चेहरा ‘गोज रेड’. ठरवून केलेला बदलही ‘गो’कडेच जातो. आयटीवाल्यांचं ‘गो लाइव्ह’ याच साच्यातलं, आणि ते कधी कधी ‘गो बॅड’मध्ये का संपतं हे भाषेच्या सदराबाहेरचं आहे.

प्रश्न : ‘आय ॲम गोइंग टु गो’ यात ‘गो’ दोनदा आला. चालतं का? (बाणेर)

चालतं. पहिला ‘गो’ आता जाण्याचा राहिलेला नाही, तो आपल्या ‘-णार’चं काम करतो: जाणार आहे. तपासून पाहायचं तर ‘गॉना’ वापरून बघा. ‘आय ॲम गॉना गो’ चालतं, पण ‘पुण्याला चाललोय’ या अर्थाने ‘आय ॲम गॉना पुणे’ कोणी म्हणत नाही.

प्रश्न : ‘टेन इयर्स अगो’मधल्या ‘अगो’त ‘गो’ आहे की योगायोग? (वारजे)

आहे. जुनं रूप ‘अगॉन’, म्हणजे सरलेलं, निघून गेलेलं. ‘टेन इयर्स अगो’चा शब्दशः अर्थ ‘दहा वर्षं गेली’. आपण ‘गेल्या वर्षी’ म्हणतो, त्यातला ‘गेल्या’ तोच.